जुना प्रोसेसर, नवं ग्राफिक्स कार्ड: ड्रायव्हरचा भार कसा मोजायचा आणि कसा हलका करायचा

इंदूरमध्ये बरेच पीसी दोन टप्प्यांत उभे राहतात. आधी एखाद्या ऑफिसातून निघालेला, चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा रिफर्बिश्ड डबा घरी येतो. मग वर्ष-दोन वर्षांनी पैसे साठले की आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून ग्राफिक्स कार्ड. कार्ड बसतं, चित्र येतं, आणि खेळ मात्र पूर्वीसारखाच अडखळतो. दोष कार्डाला दिला जातो. बहुतेक वेळा कार्ड रिकामं बसलेलं असतं आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत नसते.

ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर, कार्डावर चालत नाही, तो प्रोसेसरवर चालतो. सगळी गोष्ट इथून सुरू होते. खेळ म्हणतो, "ही भिंत काढ, हा माणूस काढ." अशा हजारो आज्ञा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, निघतात. त्या कार्डाला समजेल अशा भाषेत आणायच्या, रांगेत लावायच्या आणि मेमरीचा हिशेब ठेवायचा, हे काम ड्रायव्हर करतो आणि त्यासाठी प्रोसेसरचा वेळ खातो. तो किती खातो, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. नव्या प्रोसेसरवर ते दिसत नाही, कारण तिथे वेळ शिल्लक असतो. नव्या कार्डांच्या चाचण्या बाजारातल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरवर घेतात, म्हणून त्यांतले आकडे चार कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) डब्याला लागू होत नाहीत.

कोणाचा ड्रायव्हर किती खातो

डायरेक्टएक्स ही विंडोजमध्ये खेळाने कार्डाशी बोलायची पद्धत. तिच्या ११ व्या आवृत्तीत, म्हणजे डायरेक्टएक्स ११ मध्ये, आज्ञांचं भाषांतर जवळजवळ पूर्णपणे ड्रायव्हरच्या अंगावर असतं. एनव्हिडियाने हे काम अनेक थ्रेड्सवर (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर) वाटलं, म्हणून या खेळांत तिची जीफोर्स कार्डं वर्षानुवर्षं पुढे राहिली. एएमडी इथे मागे होती. तिने २०२२ च्या मे महिन्यात डायरेक्टएक्स ११ ची आणि जुलैमध्ये ओपनजीएल या अशाच दुसऱ्या पद्धतीची बाजू बरीच सुधारली. त्यामुळे तिच्या रेडिऑन कार्डावर २०२१ चा ड्रायव्हर तसाच ठेवून बसणाऱ्याचं नुकसान होतं.

डायरेक्टएक्स १२ मध्ये पारडं उलटं फिरतं. मार्च २०२१ मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनेलने एएमडीच्या पहिल्या पिढ्यांच्या रायझन प्रोसेसरवर चाचण्या घेतल्या. मध्यम सेटिंग आणि १०८०पी ठेवल्यावर काही खेळांत स्वस्त रेडिऑन कार्डं कितीतरी महाग जीफोर्सच्या बरोबरीने, कधी पुढेही गेली. कारण प्रोसेसर आधीच थकलेला आणि जीफोर्सचा ड्रायव्हर त्याच्याकडून जास्त काम मागत होता.

तिसरी बाजू इंटेलची. आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचं कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आलं आणि किमतीच्या मानाने त्याचं कौतुकही झालं. जानेवारी २०२५ मध्ये तेच कार्ड रायझन ५ २६०० आणि ३६०० वर लावल्यावर अनेक खेळांत ते एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० च्या मागे पडलं. काही खेळांत तर रायझन ५ ५६०० वरही फरक जाणवला. इंटेलने नंतरच्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा केल्या आहेत, तरी जुन्या प्रोसेसरसाठी आर्क ही आमची पहिली शिफारस नाही.

आधी मोजा

पैसे खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजणीला द्या. लागणारी चारही साधनं फुकट आहेत: सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅमची माहिती), जीपीयू-झेड (कार्डाची माहिती), एमएसआय आफ्टरबर्नर (त्याच्यासोबत फ्रेमला मर्यादा घालणारा रिव्हाट्यूनर येतो) आणि इंटेलचं प्रेझेंटमॉन, जे कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं.

टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का फसवतो. चार कोरपैकी एक पूर्ण भरला आणि तीन अर्धे असले, तर एकूण आकडा ६०–६५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, "प्रोसेसर तर रिकामा आहे." खेळाचा मुख्य थ्रेड मात्र त्या एका भरलेल्या कोरवर अडकलेला असतो. परफॉर्मन्स टॅबमधल्या प्रोसेसरच्या आलेखावर राइट-क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरनुसार दाखवायला सांगा, नाहीतर आफ्टरबर्नरमध्ये प्रत्येक कोरचा वापर स्क्रीनवर आणा.

आता खेळातली एकच जागा ठरवा. गर्दीचा चौक उत्तम, कारण तिथे प्रोसेसरची खरी परीक्षा होते. त्या जागी ६० सेकंदांची फेरी तीनदा घ्या आणि पहिली फेरी हिशेबात धरू नका, कारण तीत शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणून पुन्हा तेच करा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगले वाढले तर अडथळा कार्डाचा. ५२ चे ५३ झाले तर अडथळा प्रोसेसर, ड्रायव्हर किंवा रॅममध्ये आहे आणि महाग कार्ड आणून तो आकडा हलणार नाही. ही चाचणी करताना व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद असू द्या, नाहीतर दोन्ही वेळा ६० दिसतील आणि निष्कर्ष चुकेल.

प्रेझेंटमॉन याहून नेमकं सांगतं. त्यात फ्रेम टाइम आणि जीपीयू बिझी असे दोन आकडे शेजारी दिसतात. समजा फ्रेम टाइम २० मिलिसेकंद आहे, म्हणजे ५० एफपीएस, आणि जीपीयू बिझी ११ मिलिसेकंद. मग दर फ्रेमला कार्ड ९ मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसलं आहे. त्याची स्वतःची कुवत ९० एफपीएसच्या आसपास आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर कार्ड पूर्ण राबतं आहे आणि हा लेख तुमच्या अडचणीवरचा नाही.

मोजताना प्रोसेसरच्या तापमानावरही डोळा ठेवा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दहा वर्षांच्या डब्यातली थर्मल पेस्ट वाळलेली असते आणि कूलरच्या पात्यांत धुळीचा थर बसलेला असतो. इंटेलचे हे जुने प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. सततचं तापमान ९० च्या पुढे जात असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. कूलर काढा, धूळ साफ करा, मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा आणि पुन्हा मोजा.

फुकटच्या किंवा कमी पैशांच्या दुरुस्त्या

सगळ्यांत मोठा फायदा रॅमचा. रिफर्बिश्ड डब्यांत हमखास ८ जीबीची एकच पट्टी असते. एका पट्टीने रॅमचा रस्ता अर्धाच उघडतो. तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी योग्य खाचेत लावली, की प्रोसेसर अडलेल्या खेळांत फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः मधूनच बसणारे झटके कमी होतात. चार खाचा असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये ड्युअल (नव्या आवृत्तीत 2 x 64-bit) असं दिसलं म्हणजे काम झालं.

रायझन १००० आणि २००० वाल्यांनी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, लावलंय का ते आजच पाहावं. ३२०० ची पट्टी घेऊन ती २१३३ किंवा २४०० वर चालवणारे खूप आहेत. रायझनमध्ये कोरच्या गटांना जोडणारा आतला दुवा रॅमच्याच वेगाला बांधलेला असतो, म्हणून तिथे नुकसान दुप्पट होतं. पहिल्या पिढीवर ३२०० स्थिर राहिलं नाही तर २९३३ ठेवा. इंटेलच्या जुन्या एच आणि बी मालिकेच्या बोर्डांवर मात्र रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेवर अडतो, तेव्हा तिथे वेगवान पट्टीला जादा पैसे देऊ नका.

पुढचं, विंडोजची मेमरी इंटिग्रिटी. हे सुरक्षेचं वैशिष्ट्य सहाव्या पिढीपर्यंतच्या इंटेलवर आणि रायझन १०००–२००० वर जड पडतं, कारण त्यासाठी लागणारी हार्डवेअरची सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आणि रायझनमध्ये झेन २ या रचनेपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज तीच गोष्ट सॉफ्टवेअरने निभावतं. फक्त खेळांसाठी असलेल्या पीसीवर ते बंद करून मोजायला हरकत नाही. त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार होत असतील तर चालूच ठेवा, चार-पाच एफपीएससाठी तेवढी जोखीम घेऊ नये.

ड्रायव्हर स्वच्छ बसवणं

जीफोर्स काढून रेडिऑन लावलं, किंवा उलट, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नडतात. क्रम असा ठेवा.

१. नवा ड्रायव्हर आणि डीडीयू हे ड्रायव्हर काढायचं साधन आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. दोन्ही मूळ साइटवरूनच घ्या.

२. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या. सेफ मोडमध्ये जाताना ती विचारली जाऊ शकते, आणि नसली तर काम तिथेच थांबतं.

३. लॅनची केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा. इंटरनेट चालू राहिलं तर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट स्वतःच्या साठ्यातला एखादा ड्रायव्हर मागच्या दाराने बसवतं. अर्ध्या तक्रारी इथूनच जन्माला येतात.

४. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज आणि ४ ची कळ. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडून जुन्या कार्डाची कंपनी निवडा. कार्ड तेच राहणार असेल तर साफ करून रीस्टार्ट, बदलणार असेल तर साफ करून शटडाउन.

५. भिंतीवरचा स्विच बंद करून कार्ड बदला. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला राहिली तर एकतर चित्र येत नाही, नाहीतर खेळ प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत राहतो.

६. ड्रायव्हर बसवताना शक्य तेवढं कमी घ्या. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्ण, किमान आणि फक्त ड्रायव्हर असे पर्याय असतात. चार कोरवर किमान पुरे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्या अ‍ॅपशिवाय बसतो, तसाच बसवा. खेळावर चढणारा ओव्हरले आणि मागे सतत चालणारं रेकॉर्डिंग नव्या प्रोसेसरला कळतही नाही, चार थ्रेडच्या आय-फाइव्हला मात्र कळतं.

७. रीस्टार्ट झाल्यावरच इंटरनेट जोडा.

नवा ड्रायव्हर बसला की शेडरची साठवण बहुधा पुन्हा शून्यापासून सुरू होते. जुन्या प्रोसेसरवर हे काम बराच वेळ चालतं आणि तोवर झटके बसतात. पहिल्या दहा मिनिटांवरून ड्रायव्हर वाईट ठरवू नका. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशचा आकार १० जीबी केला तर जुने शेडर लवकर पुसले जात नाहीत. ही साठवण हार्ड डिस्कवर नको, एसएसडीवर हवी.

सुसंगतीच्या भिंती

इथवर वेगाचं बोललो. काही ठिकाणी मात्र प्रश्न चालण्या-न चालण्याचाच असतो.

कोअर टू ड्युओ आणि कोअर टू क्वाडमध्ये पॉपकाउंट ही इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला थेट समजणारी आज्ञा) नाही. एनव्हिडियाचे ५५५ मालिकेपासूनचे ड्रायव्हर तिच्यावाचून चालत नाहीत. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर सुरूच होत नाही. अशा मशीनवर नवं कार्ड लावण्यात अर्थ नाही.

एव्हीएक्स या तशाच इन्स्ट्रक्शन्सचा घोळ जास्त फसवा आहे. आय-थ्री, आय-फाइव्हमध्ये एव्हीएक्स दुसऱ्या पिढीपासून आणि एव्हीएक्स-टू २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आहे. पण पेंटियम आणि सेलेरॉनमधून इंटेलने दहाव्या पिढीपर्यंत ते वगळलं होतं. म्हणून २०१७ चा लोकप्रिय पेंटियम जी४५६० काही नवे खेळ उघडताच बंद पडतो, आणि त्याहून जुना आय-फाइव्ह ते चालवतो. सीपीयू-झेडच्या पहिल्या पानावर इन्स्ट्रक्शन्सची ओळ वाचली की शंका फिटते.

मग पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा रस्ता. लेन जितक्या जास्त तितका तो रुंद. दुसऱ्या पिढीच्या इंटेलवर २.० आणि तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हपासून ३.० मिळतं. १६ लेनच्या २.० खाचेतून सेकंदाला सुमारे ८ जीबी जातात, ८ लेनच्या ३.० मधूनही तेवढेच. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही ८ लेनची कार्डं, ती ३.० वर ठीक चालतात. घोटाळा आहे आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीचा. त्यांना लेन चारच, आणि मेमरी सहसा ४ जीबी. मेमरी भरली की टेक्स्चर त्या अरुंद बोळातून ये-जा करतात: ३.० वर सेकंदाला ४ जीबी, २.० वर जेमतेम २ जीबी. जुन्या डब्यासाठी ही दोन कार्डं मुद्दाम टाळा, दुकानदाराने कितीही स्वस्त दिली तरी. रायझन ३२००जी आणि ३४००जी कार्डाला मुळात आठच लेन देतात, हेही ध्यानात असू द्या. जीपीयू-झेडमध्ये लेन पाहताना शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा. कार्ड निवांत असताना ते वीज वाचवायला दुवा १.१ वर नेतं आणि लोक उगाच घाबरतात.

आर्क घेणारच असाल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) ही अट समजा. इंटेलची अधिकृत यादी कोअरच्या दहाव्या पिढीपासून सुरू होते. त्यासाठी बायोसमध्ये अबव्ह फोर-जी डिकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करणारी सोय) बंद हवं. सीएसएम बंद केल्यावर विंडोज उठलंच नाही, तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. विंडोजमध्येच एमबीआरचं जीपीटी करणारी सोय आहे, ती डेटा न पुसता बदल करते. तरी आधी बॅकअप घ्या.

ब्रँडेड ऑफिस डब्यांत वीजपुरवठाही तपासा. डेल, एचपीच्या अनेक छोट्या मॉडेलांत २४० वॉटच्या आसपासचा पॉवर सप्लाय असतो आणि मदरबोर्डला जाणारी जोडणी कंपनीची स्वतःची, म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस सरळ लागत नाही. खाचेतून ७५ वॉट मिळतात. एवढ्यात भागणारं कार्ड म्हणजे वेगळ्या जोडणीशिवाय चालणारं जीटीएक्स १६५० किंवा ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी. साटा-टू-सिक्सपिन असली जोड-केबल वापरून मोठं कार्ड चालवू नका, ती वितळू शकते.

ड्रायव्हरचं वय

जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिकेसाठी एनव्हिडियाचे नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. १६०० मालिका अजून चालू आहे, म्हणून सेकंड-हँड बाजारात १०६० आणि १६६० सुपर जवळपास एकाच भावात असतील तर विचार करत बसू नका, १६६० सुपर घ्या. एएमडीने आरएक्स ४७०, ५७०, ५८० यांना २०२३ पासून वेगळ्या शाखेत ठेवलंय, तिथे नवे ड्रायव्हर क्वचित येतात. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

खेळातली सेटिंग

प्रोसेसर अडला असताना टेक्स्चर आणि रिझोल्यूशन कमी करून काही मिळत नाही, उलट चित्र खराब होतं. ती वरच ठेवा. कमी करा ती गर्दीची घनता, दूरवरचं दृश्य, सावल्या आणि रे ट्रेसिंग, कारण ही प्रोसेसरवर भार टाकतात. खेळ डायरेक्टएक्स ११ आणि १२ दोन्ही देत असेल तर दोन्ही मोजा. चार थ्रेडवर जीफोर्स असेल तर बऱ्याचदा ११ बरं ठरतं, रेडिऑन असेल तर १२ किंवा वल्कन (डायरेक्टएक्ससारखीच आणखी एक पद्धत).

फ्रेमला मर्यादा घालणं हा सगळ्यांत कमी वापरलेला उपाय. ४२ ते ७० मध्ये हेलकावे खाणाऱ्या खेळाला रिव्हाट्यूनरमधून ४५ वर बांधा. आकडा लहान वाटेल, पण प्रोसेसरला दर फ्रेममागे थोडी सवड मिळते आणि हाताला खेळ जास्त गुळगुळीत लागतो.

कशावर काय

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हवर जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ५७० च्या पुढे जाऊ नका. चौथी ते सातवी पिढी आणि पहिले रायझन यांवर १६६० सुपर किंवा आरएक्स ६६००. नवे खेळ जास्त खेळणार असाल तर आमचा कल ६६०० कडे आहे: ड्रायव्हर हलका, मेमरी ८ जीबी, वीज १३२ वॉट. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेडमध्ये शेडरची युनिटं २३०४ दिसतायत ना ते पाहा. २०४८ असतील तर नाव ५८० असलं तरी कुवत ५७० ची आहे.

रायझनच्या बी३५० किंवा बी४५० बोर्डवाल्यांनी मात्र कार्डाचा विचार पुढे ढकलावा. बायोस अपडेट करून याच बोर्डांवर रायझन ५ ५६०० बसतो. ३२००जी मध्ये एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) ४ एमबी, ५६०० मध्ये ३२ एमबी. प्रोसेसर अडलेल्या खेळात कुठलंही कार्ड जे देणार नाही ते हा बदल देतो, आणि रॅम तीच राहते. बोर्डच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलची आणि त्याच्या रिव्हिजनची प्रोसेसर यादी पाहा. काही बोर्डांना मधली एखादी बायोस आवृत्ती आधी बसवावी लागते. हे काम यूपीएसवरच करा, पावसाळ्यात आभाळ गडगडत असताना तर नकोच. मध्येच वीज गेली तर बोर्ड उठत नाही आणि दुकानात नेऊन चिप पुन्हा लिहून घ्यावी लागते.

खरेदीला जाताना फोनमध्ये चार फोटो ठेवा: सीपीयू-झेडचं पहिलं पान, मेमरी टॅब, पॉवर सप्लायवरचा कागद आणि डब्याच्या आतली जागा. सेकंड-हँड कार्ड दुकानाच्या दणकट मशीनवर चालवून दाखवलं तर त्यातून कार्ड जिवंत आहे एवढंच कळतं. पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवायला सांगा, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहा, वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ जीएसटी बिल मागा. घरी आल्यावर त्याच चौकात, त्याच सेटिंगवर, त्याच तीन फेऱ्या. जीपीयू बिझीचा आकडा उतरला आणि फ्रेम टाइम जागचा हलला नाही, तर कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.